दुसऱ्या पंगतीचा मान

कोणत्याही खेळाच्या ज्या वार्ता आपल्या कानांवर येतात त्या बहुधा पहिल्या पंगतीच्या असतात. जगज्जेते कोण झाले, कोणाचा विक्रम कोणीं मोडला, कोणत्या खेळाडूस किती लक्ष रुपये मिळाले, एवढें आपण वाचतों आणि त्यावरून तो खेळ आपणांस समजला असें मानून चालतों. पण एखाद्या खेळानें एखाद्या देशाच्या मातींत खरोखरच मूळ धरिलें आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असेल, तर त्याच्या दुसऱ्या पंगतीकडे दृष्टि वळविली पाहिजे. जेथें पगार नाहीं, कीर्तीची आशा नाहीं आणि वरच्या वर्गांत चढण्याची वाटही नाहीं, तेथें माणसें काय म्हणून जीव ओतून खेळतात, हा प्रश्न आमच्या मतें केवळ क्रीडाप्रेमी मंडळींचा नव्हे, तर समाजाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाचा आहे. न्यूझीलंड देशांत दरवर्षीं भरणाऱ्या ‘हार्टलँड चँपियनशिप’ नांवाच्या रग्बी स्पर्धेची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, ती याच हेतूनें.

न्यूझीलंड हा देश आकारानें आपल्या महाराष्ट्राहून थोडा लहान असून त्याची लोकसंख्या सुमारें पन्नास लक्ष, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराइतकीच आहे. तरीही रग्बीच्या खेळांत या देशाच्या काळ्या पोशाखांतील संघाचा दरारा शंभर वर्षांहून अधिक काळ साऱ्या जगावर आहे. आपल्याकडे हा खेळ फारसा रुजला नाहीं. मुंबई व कलकत्ता येथील जिमखान्यांपलीकडे तो पुष्कळ दिवस गेलाच नाहीं. मात्र त्याच्या इतिहासांत हिंदुस्थानची एक खूण कायमची राहिली आहे. कलकत्त्यांतील इंग्रजांचा रग्बी क्लब सभासदांच्या अभावीं मोडला, तेव्हां त्याच्या शिलकेंतील चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यांत आला व १८७८ सालीं तो इंग्लंडला अर्पण झाला. नागाच्या आकृतीच्या मुठी व झाकणावर हत्ती असलेल्या या ‘कलकत्ता चषका’साठीं इंग्लंड व स्कॉटलंड आजही दरवर्षीं झुंजतात.

खेळ थोडक्यांत असा. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा गडी, मध्यें लंबगोल चेंडू, आणि ऐंशी मिनिटांचा अवधि. चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन भुईला टेकविला कीं त्यास ‘ट्राय’ म्हणतात व त्याचे पांच गुण मिळतात. हुतूतूप्रमाणें येथेंही धरपकड आहे, आणि अंगांत बळ असल्यावांचून भागत नाहीं. परंतु या खेळाचा सर्वांत विलक्षण नियम हा कीं, हातानें चेंडू पुढें फेंकतां येत नाहीं. तो नेहमीं मागच्या किंवा बाजूच्या सोबत्याकडेच द्यावा लागतो. चेंडू मागें जातो आणि संघ पुढें जातो! आपल्या मागून कोणी तरी धांवत येत आहे हा विश्वास नसेल तर या खेळांत एक पाऊलही टाकतां यावयाचें नाहीं. विरळ वस्तीच्या देशांत, जेथें शेजाऱ्याच्या आधारावरच माणसाचा निभाव लागतो, तेथें हा खेळ इतका कां रुजला याचें मर्म कदाचित् या एका नियमांत असावें.

या देशांत प्रांतिक संघांचे सामने जुने असले तरी त्यांस रीतसर राष्ट्रीय स्पर्धेचें रूप १९७६ सालीं आलें. पहिल्या वर्गांत अकरा संघ व दुसऱ्या वर्गांत बाकीचे, अशी ती मांडणी होती. १९८५ पासून तिसराही वर्ग झाला. दुसऱ्या वर्गांतून पहिल्यांत चढण्याची सोय असल्यामुळें लहान प्रांतांनाही उमेद वाटे. पुढें १९९५ सालीं रग्बी हा खेळ उघडपणें धंदेवाईक झाला. पैसा आला, आणि पाण्याप्रमाणें तो उताराकडे, म्हणजे शहरांकडे, वाहूं लागला. एका बाजूस पगारी खेळाडूंचे संघ व दुसऱ्या बाजूस आठवडाभर शेतांत राबून शनिवारीं खेळणारे गडी, यांचा मेळ बसेना. अखेर २००६ सालीं सव्वीस प्रांतिक संघांची सरळ वांटणी करण्यांत आली: चौदा संघ वरच्या स्पर्धेंत, आणि उरलेले बारा या हार्टलँड स्पर्धेंत. दोहोंच्या मध्यें शिडी ठेविली नाहीं. हार्टलँडमधील संघानें सारे सामने जिंकले तरी पुढल्या वर्षीं तो हार्टलँडमध्येंच राहावयाचा.

हे बारा संघ कोणते हें पाहूं लागलें म्हणजे न्यूझीलंडचा नकाशाच डोळ्यांपुढें उभा राहतो. उत्तर बेटांत किंग कंट्री, थेम्स व्हॅली, पॉव्हर्टी बे, ईस्ट कोस्ट, वांगानुई, वैरारापा-बुश आणि होरोव्हेनुआ-कापिटी. दक्षिण बेटांत बुलर, वेस्ट कोस्ट, मिड कँटरबरी, साउथ कँटरबरी आणि नॉर्थ ओटॅगो. बुलर आणि वेस्ट कोस्ट हे डोंगरांच्या पश्चिमेकडील पावसाळी भाग. सोनें आणि कोळसा यांच्या खाणींवर तेथील वस्ती उभी राहिली. २०१० च्या नोव्हेंबरांत ग्रेमाउथजवळील पाइक रिव्हर खाणींत स्फोट होऊन एकोणतीस माणसें दगावलीं, तो हाच मुलूख. मिड कँटरबरीचें मुख्य गांव ॲशबर्टन हें सपाट शेतीच्या मैदानांत वसलें आहे. पॉव्हर्टी बे, म्हणजे दारिद्र्याचा उपसागर, हें नांव कॅप्टन कुकनें १७६९ सालीं तेथें हवें तें सामान न मिळाल्याच्या रागानें ठेविलें. वास्तविक ती भूमि फळफळावळीनें समृद्ध आहे. या बहुतेक प्रांतांचीं मुख्य ठाणीं आपल्याकडील तालुक्याच्या गांवाहून मोठीं नाहींत. किंग कंट्रीच्या टे कुइटी गांवाची वस्ती पांच हजारांच्या आसपास भरेल.

स्पर्धेंत दोन चषक आहेत आणि दोन्हींस दोन शेतकऱ्यांचीं नांवें दिलेलीं आहेत. मुख्य चषक मीड्स चषक. कॉलिन मीड्स हे टे कुइटीजवळ मेंढ्यांची शेती करणारे गृहस्थ. देशाकडून ते पंचावन्न कसोटी सामने खेळले, आणि १९९९ सालीं न्यूझीलंडचा शतकांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली. १९७० च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यांत हाताचें हाड मोडलें असतांही ते खेळले, ही गोष्ट तेथील लहान मुलांनाही ठाऊक आहे. एवढा लौकिक मिळूनही त्यांनीं आपला किंग कंट्रीचा संघ कधीं सोडला नाहीं. २०१७ च्या जून महिन्यांत त्यांच्या गांवांत त्यांचा पुतळा उभारला गेला, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत ते वारले. दुसरा चषक ब्रायन लोहोर यांच्या नांवाचा. तेही वैरारापामधील शेतकरी. १९६६ पासून देशाच्या संघाचे कप्तान, आणि १९८७ सालीं जो संघ पहिला जागतिक चषक जिंकला त्याचे शिक्षक. २०१९ सालीं तेही निवर्तले. राजधानींतील पुढाऱ्यांचीं किंवा देणगीदारांचीं नांवें न देतां आपल्याच मातींतील माणसांचीं नांवें चषकांस दिलीं, यांत या स्पर्धेचा स्वभाव दिसून येतो.

आतां प्रत्यक्ष हंगामाकडे वळूं. दक्षिण गोलार्धांत ऋतु आपल्या उलट. तेथील हिवाळा सरत आला म्हणजे ऑगस्टाच्या उत्तरार्धांत सामने सुरू होतात आणि वसंतांत, ऑक्टोबराच्या अखेरीस, संपतात. हाच काळ गाई विण्याचा व मेंढ्यांना कोंकरें होण्याचा. ज्याच्या गोठ्यांत रात्रीं दोन दोन वेळां उठून जावें लागतें त्यानेंच मंगळवारीं व गुरुवारीं संध्याकाळीं पन्नास मैल मोटार हांकून तालमीस यावयाचें, आणि शनिवारीं दुसऱ्या टोंकाच्या प्रांतांत खेळावयाचें, अशी ही ओढाताण असते. गवळी, लोकर कातरणारे, सुतार, शिक्षक, खाणींतील मजूर असे हे गडी. खेळाबद्दल त्यांना पगार नसतो. दक्षिण बेटांतील संघास उत्तर बेटांत जावयाचें तर मध्यें कुकची सामुद्रधुनी आडवी, जी ओलांडावयास बोटीला सुमारें साडेतीन तास लागतात. पुढें डोंगरांतील वळणांचा रस्ता आहेच.

प्रत्येक संघ साखळींत आठ सामने खेळतो. विजयास चार गुण, बरोबरीस दोन. त्याखेरीज चार ट्राय केल्यास एक जादा गुण, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनीं हरल्यास पराभूत संघासही एक गुण. हा शेवटचा नियम आम्हांस विशेष आवडला. हरणाऱ्यानेंही शेवटच्या क्षणापर्यंत झुंज सोडूं नये, आणि चिकाटीनें हरणें व हात टेकून हरणें यांत फरक आहे, हें त्यांत मान्य केलें आहे. साखळी संपली म्हणजे पहिले चार संघ मीड्स चषकासाठीं व पांचवा ते आठवा हे चार लोहोर चषकासाठीं झगडतात. बारांपैकीं आठांना शेवटच्या पंधरवड्यांत कांहीं तरी मिळविण्याची आशा राहते. उपांत्य व अंतिम सामने गुणसंख्येंत वर असलेल्या संघाच्या गांवींच होतात. त्यामुळें राष्ट्रीय अंतिम सामना पाहण्याचें भाग्य टिमारू, ओमारू, वांगानुई अशा गांवांच्या वांट्यास येतें. वांगानुईचें कुक्स गार्डन्स हें मैदान तर आधींपासूनच प्रसिद्ध; १९६२ च्या जानेवारींत पीटर स्नेल यानें एक मैल धांवण्याचा जागतिक विक्रम याच ठिकाणीं केला.

पहिल्या वर्षीं, २००६ सालीं, मीड्स चषक वैरारापा-बुशनें मिळविला. पुढें वांगानुईनें २००८ पासून २०१७ पर्यंत सहा वेळां तो नेला. मिड कँटरबरीनें २०१३ व २०१४ अशीं लागोपाठ दोन वर्षें, आणि साउथ कँटरबरीनें २०२१ पासून २०२३ पर्यंत लागोपाठ तीन वर्षें तो आपल्या घरीं ठेविला. २०२० सालीं महामारीमुळें स्पर्धा भरलीच नाहीं. हा जयपराजयाचा ताळेबंद झाला. पण या साऱ्या वर्षांत जर कोणता एक हंगाम स्मरणांत ठेवण्यासारखा असेल तर तो २०१२ चा होय.

तो हंगाम ईस्ट कोस्टचा. उत्तर बेटाच्या पूर्व टोंकाला, हिकुरांगी पर्वताच्या पायथ्याशीं, रुआटोरिया नांवाचें खेडें आहे. वस्ती हजाराच्या आंतली. हा सारा मुलूख माओरी लोकांपैकीं नाटी पोरो या कुळाचा. हिकुरांगीचें शिखर त्यांना पवित्र. सूर्याचे पहिले किरण मुख्य भूमीवर तेथें पडतात अशी त्यांची श्रद्धा आहे. माओरींपैकीं पहिले पदवीधर व पुढें मंत्री झालेले सर अपिराना नाटा हे याच प्रांतांतले. त्यांचें चित्र आज न्यूझीलंडच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर आहे. दुसऱ्या महायुद्धांत ट्यूनिशियांतील रणांगणावर पडलेला व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी नारिमु हाही येथलाच. आणि रग्बीच्या इतिहासांतील जॉर्ज नेपिया, ज्यानें एकोणीस वर्षांच्या वयांत १९२४-२५ च्या विलायतच्या अजिंक्य दौऱ्यांतील एकूण एक सामने खेळून दाखविले, त्याचें शेतही याच किनाऱ्यावर रांगिटुकिया येथें होतें. हाच नेपिया १९५० सालीं, पंचेचाळीस वर्षांचा असतां, पॉव्हर्टी बेच्या संघाविरुद्ध आपल्या संघाचा कप्तान म्हणून उतरला, तेव्हां प्रतिपक्षाचा कप्तान त्याचा स्वतःचा मुलगा होता! बापलेकांनीं परस्परांविरुद्ध नाणें उडविण्याचा हा प्रसंग कोणत्याही नाटककारास सुचला नसता.

असा हा प्रांत अभिमानानें श्रीमंत, पण पैशानें व माणसांनीं अगदींच गरीब. जवान पोरें पोटासाठीं गिझबर्न, ऑकलंड किंवा थेट ऑस्ट्रेलियांत निघून गेलेलीं. तरीही १९९९ सालीं या संघानें त्या वेळचा तिसरा वर्ग जिंकला, आणि लगेच पुढल्या वर्षीं दुसऱ्या वर्गाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. २०११ सालीं मीड्स चषकाच्या अंतिम सामन्यांत वांगानुईनें त्यास हरविलें. त्या संघास पुन्हां तेथवर येतां येणार नाहीं असें कोणासही वाटलें असतें. परंतु २०१२ सालीं ईस्ट कोस्टनें पुन्हां अंतिम सामना गांठला, समोर पुन्हां तोच वांगानुई उभा राहिला, आणि या वेळीं चषक रुआटोरियाला गेला. सव्वीस प्रांतांतील सर्वांत विरळ वस्तीच्या प्रांतांपैकीं एकानें हें केलें.

येथें कथा संपली असती तर ती गोड कथा झाली असती. पण खेळाचा व जगाचा न्याय तसा नाहीं. त्या विजयानंतर थोड्याच काळांत जुने गडी थकले, नवे मिळेनात, आणि तोच संघ वर्षानुवर्षें हरत राहिला. असे हंगामामागून हंगाम गेले कीं त्यांत त्याच्या पदरीं एकही विजय पडला नाहीं. २०२३ च्या फेब्रुवारींतील गॅब्रिएल नांवाच्या तुफानानें तर रस्ते व पूल वाहून नेऊन हा किनारा बाकीच्या देशापासून तोडून टाकिला. तथापि संघ मोडला नाहीं. हंगाम आला कीं रुआटोरियाच्या व्हाकारुआ पार्कवर निळा पोशाख चढवून पंधरा गडी उभे राहत, आणि भोंवतीं गांव जमे. आम्हांस विचाराल तर २०१२ च्या चषकापेक्षां त्या विजयहीन वर्षांचें मोल अधिक आहे. जिंकणाऱ्याला मैदानावर येण्यास कारण लागत नाहीं. हरत असतांही येणाऱ्याचें कारण खोल असतें.

लहान प्रांतांच्या या अभिमानाला आणखी एक आधार आहे, तो रॅनफर्ली ढालीचा. लॉर्ड रॅनफर्ली या गव्हर्नरनें १९०१ सालीं ही ढाल दिली. तिच्या मध्यभागीं रग्बीचें चित्र हवें होतें, पण आलें फुटबॉलचें. मग कारागिराकडून गोलाचे खांब उंच करवून घेऊन तें कसें तरी निभावून नेलें. ही ढाल साखळीनें मिळत नाहीं. ती ज्याच्याकडे आहे त्याच्या घरीं जाऊन, आव्हान देऊन, एका सामन्यांत हिसकावून घ्यावी लागते. १९५० सालच्या एका हंगामांत ती ओटॅगोकडून कँटरबरीकडे, तेथून वैरारापाकडे, तेथून साउथ कँटरबरीकडे आणि शेवटीं नॉर्थ ऑकलंडकडे गेली. १९७४ सालीं साउथ कँटरबरीनें ती पुन्हां एकदां जिंकली. त्यानंतर मात्र आजच्या हार्टलँडमधील कोणत्याही प्रांताच्या हातीं ती लागलेली नाहीं. तरीही हार्टलँडचे विजेते ढालवाल्या पगारी संघास आव्हान देतात. निकाल बहुतेक ठरलेला असतो. पण जोंपर्यंत आव्हान देण्याचा हक्क शाबूत आहे तोंपर्यंत आशाही शाबूत आहे, हें कोण नाकारील?

असो. आतां हिशेबी वाचक असें विचारील कीं, एवढा प्रवास, एवढा खर्च, आणि त्याचें फळ काय? वर चढण्याची वाट नाहीं. तर हे बारा संघ चालू ठेवण्यांत अर्थ तो काय? याचें नेहमींचें उत्तर असें देतात कीं, लहान प्रांत ही मोठ्या खेळाडूंची रोपवाटिका आहे. मीड्स आणि लोहोर यांच्या काळीं हें खरें होतें. आज तें तितकेंसें खरें नाहीं. खेड्यांतील होतकरू मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षींच शहरांतील शाळेच्या शिष्यवृत्तीवर निघून जातो, आणि रोप कोठें वाढलें याचा उल्लेखही पुढें कोणी करीत नाहीं. तेव्हां या लंगड्या युक्तिवादावर हार्टलँडची बाजू मांडणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

खरें उत्तर त्या देशाच्या ग्रामीण भागाच्या स्थितींत सांपडतें. १९८४ नंतर तेथील सरकारनें शेतीस दिलेली मदत जवळजवळ एकदम काढून घेतली. १९८२ सालीं देशांत सात कोटी मेंढ्या होत्या. आज त्या अडीच कोटींहूनही कमी आहेत. १९८८ सालीं तर एका झटक्यांत चारशेंहून अधिक टपालकचेऱ्या बंद झाल्या. टपालकचेरीमागून बँकेची शाखा गेली, शाखेमागून दुकान गेलें, दुकानामागून शाळा शेजारच्या गांवांतील शाळेंत विलीन झाली. गांवाला ‘आम्ही’ म्हणावयास लावणारी एकेक संस्था अशी गळून पडत असतां जी एक शिल्लक राहिली ती शनिवारचा संघ. हा संघही हिशेबाच्या वहींत तोट्याचा ठरवून बंद केला, तर गांवांतील घरें उभीं राहतील, पण गांव उरेल कीं नाहीं याची शंका आहे. ज्या संस्थेमुळें माणसें आठवड्यांतून एकदां परस्परांचीं तोंडें पाहतात तिचा हिशेब केवळ रुपये-आण्यांत कसा करावयाचा?

हा विचार आपणांसही लागू पडत नाहीं असें नाहीं. आपल्या खेड्यापाड्यांतील तालमी, गांवच्या जत्रेंतील कुस्त्यांचे फड, तालुक्याच्या ठिकाणचे हुतूतू-खोखोचे सामने आणि वाचनालयांच्या व्याख्यानमाला या सर्व दुसऱ्या पंगतीच्याच वस्तु होत. पुण्या-मुंबईस सर्व कांहीं उत्तम मिळतें, मग गांवीं हें दुय्यम कशाला, असें म्हणण्याची संवय सुशिक्षित घरांतून वाढत चालली आहे. पण जें दूर आहे तें कितीही उत्तम असलें तरी तें पाहावयाचें असतें. जें जवळ आहे तें आपण करावयाचें असतें. पाहण्यानें मनोरंजन होतें, करण्यानें माणूस घडतो. हा भेद ज्या समाजाच्या ध्यानांतून गेला तो समाज उत्तम प्रेक्षक होईल, पण प्रेक्षकच राहील.

आपल्या घरच्या कार्यांत पहिली पंगत पाहुण्यांची असते. तिला रांगोळ्या, तिला आग्रह, तिला ऊन ऊन वरणभात. दुसऱ्या पंगतीस बसतात तीं पहांटेपासून चुलीशीं राबलेलीं, पाणी भरलेलीं, वाढतां वाढतां थकलेलीं घरचीं माणसें. त्यांच्या पानांत पदार्थ थोडे निवलेले असतात, कांहीं संपलेलेही असतात. परंतु कार्य कोणाचें असें विचारलें तर उत्तर एकच आहे: दुसऱ्या पंगतीचें. ॲशबर्टनचा गवळी आणि रुआटोरियाचा लोकर कातरणारा हे त्या खेळाचीं घरचीं माणसें आहेत, आणि जोंपर्यंत तीं आहेत तोंपर्यंत पहिल्या पंगतीच्या थाटालाही धक्का लागण्याचें कारण नाहीं.